मनीचे पथ्य

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि धान्याची अडत असलेल्या एका घरात गेली चौदा वर्षे एक मांजर आहे. तिचे नाव मनी. हे नाव ठेवायला कोणी फार विचार केला नव्हता आणि तिला पाळायचे असेही कोणी ठरवले नव्हते. दुकानामागच्या गोदामात उंदीर झाले होते, पोती कुरतडली जात होती. घरातले थोरले गृहस्थ हयात होते. विष घालायचे नाही, चिकट पुठ्ठा लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. अशा दिवसांत एक पिल्लू आपल्या पायांनी गोदामात शिरले आणि तिथेच राहिले. दोनच महिन्यांत पोती शाबूत राहू लागली. त्याचे कारण सर्वांना कळत होते. बोलत कोणी नव्हते. मनीला सकाळ-संध्याकाळ दूधभात मिळे आणि बाकीचे तिचे ती पाही.

गेल्या फाल्गुनात थोरल्या आक्कांच्या लक्षात आले की मनीची पाण्याची वाटी दुपारीच कोरडी पडते. ऊन वाढले म्हणून असेल, असे समजून त्यांनी मोठे भांडे ठेवले. तेही रिकामे होऊ लागले. म्हातारपणी भरपूर पाणी पिते, म्हणजे प्रकृती उत्तम, असाच सर्वांचा समज झाला. मग तिच्या अंगावरचे केस गुंतलेले दिसू लागले, तोंडाला वेगळाच दर्प येऊ लागला, ती दूधभात हुंगून मागे फिरू लागली. एके दिवशी दिवाणजींनी धान्याच्या नमुन्यांसाठी ठेवलेल्या काट्यावर तिला बसवले. काटा ३ किलो १०० ग्रॅमवर थांबला. नातवाने लहानपणी खेळ म्हणून तिचे वजन केले होते, तेव्हा ते चार किलोंच्या वर होते. व्यापाऱ्याच्या घरात वजनातली तूट लगेच कळते. त्याच दिवशी तिला पशुवैद्यकांकडे नेण्यात आले.

रक्त आणि लघवी तपासल्यावर मूत्रपिंडांचा जुना विकार निघाला. क्रिएटिनिन ४.१ होते. मांजरांच्या या विकाराच्या चार पायऱ्या मानतात, २.९ ते ५ या दरम्यानचा आकडा तिसऱ्या पायरीचा. दहा-बारा वर्षांपुढच्या मांजरांत हा आजार पुष्कळ आढळतो आणि त्याचा स्वभाव मोठा फसवा आहे. मूत्रपिंडांचे जवळजवळ तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन वाढतच नाही. त्याआधी एकच खूण दिसते, ती पाण्याची. मूत्रपिंडे लघवी दाट करू शकत नाहीत, शरीरातले पाणी वाहून जाते आणि ते भरून काढण्यासाठी प्राणी सारखा पाणी पितो. म्हणजे ज्या तहानेचे घरात कौतुक झाले, तीच आजाराची पहिली वर्दी होती. त्यातून मांजर हा प्राणी दुखणे लपवणारा. कुत्रा कण्हतो, गाय हंबरते. मांजर कोपऱ्यात पाय दुमडून बसते आणि बघणाऱ्याला वाटते, निवांत आहे. ज्यांच्या घरी किंवा गोदामात वयस्क मांजर असेल, त्यांनी पाण्याच्या भांड्याकडे लक्ष ठेवावे आणि महिन्यातून एकदा तिला काट्यावर बसवावे. त्याला खर्च काहीच नाही.

आजार बरा होणारा नाही, असे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले. मात्र नीट सांभाळले तर काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षे प्राणी समाधानाने राहू शकतो, असेही सांगितले. सांभाळणे म्हणजे काय, ते त्यांनी कागदावर लिहून दिले. मळमळ थांबवणारे औषध, रक्तदाबाची गोळी, एक दिवसाआड त्वचेखाली १०० मिलिलिटर सलाईन, आणि पथ्याचा आहार. रक्तदाब वाढला तर मांजराला एका रात्रीत आंधळेपण येऊ शकते, म्हणून ती गोळी चुकवायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावले. घरातल्यासारखेच औषध म्हणून आपल्या डब्यातले काही द्यायचे नाही. आपण तापावर सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. फुलदाणीत लिलीची फुले ठेवायची नाहीत, त्यांचे पान किंवा पराग चाटण्यात आला तरी मूत्रपिंडे निकामी होतात. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, हे सांगताना डॉक्टर थांबले आणि हसून म्हणाले, “तुमच्या घरी ते सांगायची गरज नाही.”

सलाईनची भीती सर्वांत मोठी होती आणि तीच सर्वांत आधी गेली. सूनबाईंनी दवाखान्यात दोन वेळा पाहून घेतले, तिसऱ्या वेळी स्वतः केले. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उबेइतकी करायची. थंड सलाईन मांजराला सहन होत नाही. दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलली की तंबूसारखी पोकळी होते, तिच्या पायथ्याशी सुई घालायची. सुई दर वेळी नवी. पाच-सात मिनिटांत १०० मिलिलिटर जाते, खांद्यावर लिंबाएवढा फुगवटा येतो, तो हळूहळू पायाकडे उतरतो आणि काही तासांत शरीर ते पाणी शोषून घेते. पहिल्यांदा पायावर आलेली सूज पाहून आण्णा घाबरले होते. आता ते वर्तमानपत्र वाचत एका हाताने बाटली धरून उभे असतात.

अडचण आली ती कागदावरच्या शेवटच्या ओळीशी.

मूत्रपिंडाच्या विकारात मांजराला जो पथ्याचा आहार देतात, त्यात फॉस्फरस कमी असतो आणि प्रथिने मोजून, पण चांगल्या प्रतीची असतात. सर्व उपायांत आयुष्य वाढवण्याच्या दृष्टीने हा आहारच महत्त्वाचा मानतात. बाजारात तो पाकिटात मिळतो आणि तो मांसापासून केलेला असतो. दूधभात बंद करायचा होता. मोठ्या मांजराला दूध पचत नाही, जुलाब होतात, अंगातले पाणी आणखी जाते. शिवाय दुधात आणि पनिरात फॉस्फरस भरपूर. सूनबाईंनी विचारले, “डॉक्टर, शाकाहारी काही नाही का?” त्यांनी उडवून लावले नाही. माणूस गाजरातून अ जीवनसत्त्व तयार करतो, मांजराच्या शरीरात ती सोय नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला बाहेरूनच लागते, ते वनस्पतींत जवळजवळ नसते. ते कमी पडले की डोळ्यांचा पडदा झिजतो आणि हृदय पसरून दुबळे होते. हृदयाचे हे कारण १९८७ साली सिद्ध झाले. आता टॉरिन कारखान्यात तयार होते आणि ते घातलेले वनस्पतिजन्य खाद्यही काही कंपन्या विकतात. पण दोन्ही मूत्रपिंडे थकलेल्या चौदा वर्षांच्या मांजरावर तो प्रयोग करायला ते तयार नव्हते.

पाकीट दुकानाच्या गल्ल्यापाशी दोन दिवस पडून राहिले. घरात कोणी आणीना.

या घराच्या उंबऱ्याच्या आत आजवर तसे काही आले नव्हते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चातुर्मास जवळ येत होता. आक्का लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून मुनिमहाराज गावात असले की घरी चौका लागतो, दारात कलश घेऊन पडगाहन होते. आहारदानाचे ते पुण्य आक्कांना जिवापाड प्रिय आहे. मांसाचा कण दृष्टीस पडला तरी मुनींच्या आहाराला अंतराय येतो. अशा घरात ते पाकीट कुठे ठेवायचे?

गोदामातल्या गड्याकरवी बाहेरच्या बाहेर खायला घालावे, असा तोडगा आण्णांनी सुचवला. तो व्यवहार्य होता आणि बऱ्याच घरांत असेच केले जाते. आक्कांनी तो मानला नाही. त्या म्हणाल्या, “केले काय, करवले काय आणि करणाऱ्याला बरे म्हटले काय, तिन्ही एकाच खात्यात लिहिले जाते. गड्याच्या नावावर टाकून आपली वही कोरी राहत नाही.” पुण्याला शिकणारा नातू फोनवर म्हणाला की आजीला मनीपेक्षा नियम मोठा वाटतो. तसे मुळीच नव्हते. मनीने खाणे सोडल्यापासून आक्काही पानावर नीट बसत नव्हत्या.

नणंदबाई इचलकरंजीहून आल्या होत्या. त्यांचे मत अगदी वेगळे आणि तेही मनापासूनचे होते. “ती खात नाही, तर बळजबरी कशाला? तिलाही सुटायचे असेल. तिची ती सल्लेखनाच समजा.” हा विचार अनेकांच्या मनात येतो आणि दयेपोटीच येतो. आक्कांच्या सासूबाईंनी अखेरच्या दिवसांत सल्लेखना घेतली होती. ती या घराने जवळून पाहिलेली आहे. म्हणून आक्कांना दोन्हींतला फरक सांगायला पोथी उघडावी लागली नाही. सासूबाई शुद्धीवर होत्या, त्यांनी गुरूंची आज्ञा घेतली, सर्वांची क्षमा मागितली, एकेक वस्तू कळून सोडली. मनीला भूक आहे. ती ताटलीपाशी जाते, वास घेते, मळमळते आणि मागे फिरते. रक्तात साठलेल्या विषारी द्रव्यांनी तिचे तोंड बंद केले आहे, तिने नव्हे. औषध हाती असताना ते न देणे याला त्याग म्हणता येत नाही. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत जो अन्नपाननिरोध सांगितला आहे, तो हाच. वैद्यकीय दृष्टीनेही मांजराने काही दिवस सलग न खाणे फार धोक्याचे असते. यकृतात चरबी साचते आणि मूळ आजाराच्या आधी तेच प्राण घेते.

त्या रात्री आक्का जे बोलल्या ते घरातल्या सर्वांना आठवते. “चौदा वर्षे ती गोदामात काय खात होती ते आपण पाहिले नाही. पाहायचे नव्हते म्हणून पाहिले नाही. पोती वाचली, तो नफा आपण घेतला. आता तिचे दात गेले, नखे बोथट झाली आणि आपल्याला अहिंसा आठवली.”

हे बोलणे कठोर असले तरी त्याला शास्त्राचा आधार आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा धंद्यांत असतीपोषण हा एक आहे आणि बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ सांगताना मांजराचा, कुत्र्याचा उल्लेख केला आहे. तिथे दोष आहे तो धनासाठी असे प्राणी पोसण्याचा. गोदाम राखण्यासाठी ठेवलेले मांजर त्या व्याख्येत बसते की नाही, याचा विचार धान्याच्या व्यापारातल्या प्रत्येक घराने करण्यासारखा आहे. पण काम करण्याचे वय सरलेल्या, चार पावले चालून थांबणाऱ्या मांजराला पोसण्यात कोणता नफा? ज्या काळात ती उपयोगाची होती तेव्हा प्रश्न पडला नाही आणि ती निरुपयोगी झाल्यावर पडला, तर त्या प्रश्नाची जात तपासून पाहिली पाहिजे.

मांसाहारी जिवाची सेवा करताना येणारी ही कोंडी नवी नाही. दिल्लीच्या लाल मंदिराच्या आवारातले पक्ष्यांचे रुग्णालय सर्वांना माहीत आहे. तिथे कबुतरे, पोपट यांना दाखल करून घेतात. घारीसारख्या मांसभक्षी पक्ष्यांवर उपचार होतात, पण त्यांना आत ठेवून घेत नाहीत. रेषा आखली, तरी जखमी घारीला परत पाठवले नाही. मुंबईत १८३४ साली पांजरपोळ उभी राहिली ती भटक्या कुत्र्यांना मारण्यावरून पेटलेल्या वादानंतर, आणि कुत्रा काही गवत खात नाही. जीवंधरकुमारांची कथा तर घराघरांत सांगितली जाते: मार खाऊन मरणाला टेकलेल्या कुत्र्याच्या कानात त्यांनी णमोकार म्हटला. आधी त्याच्या आहाराची चौकशी केल्याचे कथेत कुठे नाही.

अखेर आक्कांनी ठरवले ते असे. पाकीट बाहेरच्या ओसरीवरच्या लोखंडी कपाटात राहील. मनीची ताटली, चमचा वेगळा; धुणे मागच्या नळावर. खायला घालायचे ते सूनबाईंनी, उघडपणे. गड्याकडे सोपवायचे नाही. चौका यंदा या घरी लागणार नाही. दोन गल्ल्यांपलीकडे धाकट्या दिरांचे घर आहे, तिथे लागेल. आणि मनी ते अन्न खाईल तोवर आक्कांना तूप वर्ज्य. हे प्रायश्चित्त कोणी दिलेले नाही, त्यांनी आपणहून घेतले आहे. याने दोष फिटतो असे त्या म्हणत नाहीत. कोणी विचारले तर, “हिशेब लिहून ठेवला आहे, फेड पुढे होईल,” एवढेच सांगतात.

समाजातल्या सर्वांना हे पटले नाही. नणंदबाईंना अजून पटलेले नाही. त्या आल्या की ओसरीवर बसत नाहीत, मागच्या दाराने आत येतात. त्यांचा नियम त्यांच्या जागी खरा आहे आणि आक्कांनी त्यांना एका शब्दाने दुखावलेले नाही. मात्र मनीसाठी कोमट पाण्याची बादली नणंदबाईच भरून ठेवतात, हेही नोंदवायला हवे.

पथ्याचे खाद्य मनीने लगेच स्वीकारले नाही. मळमळीचे औषध दोन दिवस पोटात गेल्यावरच ते पुढे ठेवायचे, कारण मळमळ असताना दिलेल्या अन्नाची मांजराला कायमची शिसारी बसते. थोडे कोमट केले की वास येतो आणि ती जवळ येते. आधी चमचाभर, मग दोन. पाणी पिण्याच्या जागा घरात चार केल्या आहेत, पसरट भांड्यांत, खाण्याच्या ताटलीपासून लांब. पाणी घरात सर्वांसाठी गाळतात तेच. तिची मातीची पेटी उंच कडांची होती, संधिवातामुळे तिला पाय उचलवत नव्हता, म्हणून घाण होत होती आणि बोलणी खावी लागत होती. दिवाणजींनी एका बाजूची कड कापून दिली. त्या दिवसापासून एकदाही चूक झालेली नाही.

एक गंमत अशी झाली, की घरातली शिस्त मनीलाही लावायचा प्रयत्न झाला. सूर्यास्तानंतर चूल बंद, म्हणून तिचीही ताटली उचलली जाई. आजारी मांजराला रात्रीही थोडे थोडे खाऊ द्यावे, असे डॉक्टर म्हणाले तेव्हा सूनबाई आक्कांकडे पाहू लागल्या. आक्का म्हणाल्या, “व्रत आपण घेतले आहे, तिने नाही.” ताटली रात्री तिथेच राहू लागली.

नातवाने विचारलेला प्रश्न अजून घरात आहे. पुण्यात त्याच्या ओळखीत अशा वेळी प्राण्याला इंजेक्शन देऊन शांत करतात; शेवट वाईट होणार असेल तर मनीला तो का भोगायला लावायचा? हा प्रश्न उद्धट नव्हता, रडत विचारलेला होता. घराने त्याला नकार दिला आहे, कारण जीव घेण्याचा अधिकार या घरातले कोणी स्वतःकडे घेत नाही. डॉक्टरांनी तो नकार मानला, पण एक गोष्ट सांगितली, ती इथे मुद्दाम लिहिण्याजोगी आहे. ते म्हणाले, “दुखणे थांबवणारे औषध वेगळे आणि प्राण थांबवणारे वेगळे. दुसरे नको म्हणताना पहिलेही नाकारू नका. इंजेक्शन देणार नसाल तर तुमचे काम कमी होत नाही, वाढते.” वेदनाशामके मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, त्यामुळे कोणते आणि किती, ते त्यांनाच विचारायचे. खाणे पूर्ण सुटले, श्वास जड झाला, लपून बसू लागली तर दिवस न मोजता त्याच तासाला कळवायचे, आणि अखेरच्या दिवसांत रोज घरी येऊन वेदना आवरण्याचे औषध देण्याची तयारी त्यांनी दाखवली आहे. नातू त्यावर काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी तो गाडी पकडून आला आणि त्याने सलाईन द्यायला शिकून घेतले.

खर्चाचा हिशेब दिवाणजी ठेवतात. दुकानातलीच एक जुनी लाल वही त्यांनी त्यासाठी घेतली आहे. जमेच्या बाजूला मनीने काय खाल्ले, किती प्यायली, नावेच्या बाजूला किती वेळा उलटी, किती वेळा लघवी. दर रविवारी वजन. डॉक्टर ही वही तपासण्यांच्या कागदांइतक्याच बारकाईने पाहतात, कारण औषध कधी वाढवायचे ते त्यातूनच कळते. ज्येष्ठात वजन ३ किलो २०० वर गेले होते. आषाढात तसेच राहिले. श्रावणाच्या अखेरीस क्रिएटिनिन पुन्हा तपासले, ते ३.६ आले; डॉक्टरांनी हुरळू नका म्हणून सांगितले तरी आण्णांनी यार्डात चार जणांना पेढे दिले.

भाद्रपदात दशलक्षण पर्व सुरू झाले. आक्कांचे एकाशन असते. पहाटे उठून त्या धाकट्या दिरांच्या घरी चौक्याच्या तयारीला जातात, तेव्हा मनी ओसरीवर गोणपाटावर झोपलेली असते. जाताना त्या तिच्याजवळ क्षणभर वाकून णमोकार म्हणतात आणि तिचे अंग उबदार आहे ना, ते हाताने पाहतात. परतल्यावर आंघोळ करूनच देवघरात जातात.

वहीतली परवाची नोंद अशी आहे: वजन ३ किलो ५० ग्रॅम. सलाईन १००, डाव्या बाजूस. सकाळी अर्धी ताटली. दुपारी नाही. संध्याकाळी वास घेऊन परत गेली, रात्री उठून खाल्ले.